‘ण’ कुणी खाल्ला?

यंदाच्या मे महिन्यात आमच्याकडची वीज पुन्हा जायला लागली. फार नाही, दुपारची तास-दीड तास. शेजारच्या फ्लॅटमधलं नवं बिऱ्हाड एवढ्यानंच कासावीस होतं. मला मात्र इन्व्हर्टरची पहिली ‘टूं’ ऐकू आली आणि माझा उजवा हात आपोआप पुढे गेला, हवेतच काहीतरी ‘सेव्ह’ केलं आणि मांडीवर परत आला. इतक्या वर्षांनीही हात विसरलेला नाही. मी उगाचच भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं. बारा वाजायला दहा मिनिटं कमी होती.

तेव्हा ‘वीज गेली’ म्हणायची सोय नव्हती, ‘भारनियमन’ म्हणायचं. शब्द इतका शुद्ध, की ऐकून उकाडा निम्मा व्हावा. मी पेशानं मुद्रितशोधक. एका छापखान्याची पाठ्यपुस्तकं, दिवाळी अंक, लग्नपत्रिका, काय येईल ते घरी बसून तपासायची. त्यामुळे असल्या शब्दांशी माझं चांगलं जमायचं. लाल पेन हे माझं कुंकू, असं आमचे हे म्हणत, आणि त्यात कौतुक किती आणि टोमणा किती ते मी कधी तपासलं नाही.

दोन हजार सात-आठचा उन्हाळा असेल. आम्ही दादरहून वसई पूर्वेला, एव्हरशाईन सिटीत येऊन आठेक वर्षं झाली होती. इंटरनेटवर तेव्हा वसई-विरारकरांचा एक गप्पांचा फलक होता, त्याचं नाव ‘ओटा’. आजच्या मुलांना सांगावं लागतं की फलक म्हणजे काय. एकानं विषय काढायचा, दुसऱ्यानं खाली उत्तर द्यायचं, तिसऱ्यानं भांडायचं, आणि ते सगळं तिथेच राहायचं. कुवेतपासून कॅनडापर्यंत पांगलेली वसईची माणसं रोज ओट्यावर येऊन बसत. नळाला पाणी कधी येतं, राजेळी केळ्यांची सुकेळी कशी करतात, कुठल्या गावच्या चर्चचा सण कधी. मी तिथे पाककृती वाचायला जाई आणि जमल्यास ऱ्हस्व-दीर्घ सुधारून येई.

ओटा चालवायचा इनास. पश्चिमेकडच्या एका ख्रिस्ती गावातला, तिशीतला, कॉलेजात संगणक शिकवणारा, घरामागे केळीची वाडी असलेला शांत माणूस. फेब्रुवारीत त्यानं मला फोन केला. ओट्याचं सॉफ्टवेअर जुनं झालं होतं, ज्या सर्व्हरवर ते होतं तो मेअखेरीस कायमचा बंद होणार होता. सगळं सामान नव्या सॉफ्टवेअरवर हलवायचं होतं. “सामान हलवीन मी ताई,” तो म्हणाला, “पण मराठी हललं तर मला कळायचं नाही. तुम्ही बघाल?”

अडचण अशी होती की जुन्या ओट्यावरचं मराठी एका विशिष्ट फॉन्टातलं होतं. तो फॉन्ट संगणकात असेल तर मराठी, नसेल तर परदेशी चिन्हांची रांगोळी. नव्या जागी युनिकोड, म्हणजे कुणालाही, कुठेही दिसेल असं मराठी. मधे इनासनं लिहिलेलं एक रूपांतर करणारं यंत्र. एका बाजूनं रांगोळी घालायची, दुसरीकडून मराठी काढायचं. पहिल्याच चाचणीत त्या यंत्रानं ‘ण’शी वैर धरलं. जुन्या फॉन्टात ‘ण’ दोन तुकडे जोडून व्हायचा, यंत्राला तो ‘रा’ वाटायचा. ‘बाण’चा ‘बारा’ झाला, ‘प्राण’चा ‘प्रारा’, आणि गणपतीचा जो काही झाला तो इथे लिहिणं बरं नव्हे. इनासनं ते दुरुस्त केलं. पण त्या दिवसापासून ‘ण’ दिसला, किंवा दिसला नाही, की माझे डोळे बारीक व्हायचे.

त्या मे महिन्याचा वास अजून नाकात आहे. गरम झालेल्या यूपीएसचा वास, आणि खिडकीतून पश्चिमेचा वारा आला तर सुकत घातलेल्या बोंबलांचा. दारावर ताडगोळेवाली यायची. दुपारी गच्चीवर गेलं की नायगावच्या बाजूला मिठागरं चकाकताना दिसत. मिठाच्याही हंगामाचा तो शेवट असतो, हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. मीठ ओढून राशी करायच्या आणि आभाळ बदलायच्या आत झाकायच्या, नाहीतर वर्षाची मेहनत जिथून आली तिथे विरघळून जाते. आमचीही तशीच धांदल चालली होती. पूर्वेला वीज जायची सकाळी साडेनऊ ते साडेबारा, इनासच्या गावात दुपारी एक ते चार. माझ्याकडे वीज असली की त्याच्याकडे नसायची, त्याच्याकडे आली की माझा यूपीएस रडायला लागायचा.

आणि मग एके दिवशी त्यानं विचारलेला तो प्रश्न. फोनवर, अगदी साधेपणानं. “ताई, खूप ठिकाणी ‘पानी’ दिसतंय. ‘कोन’, ‘आनि’, ‘पन’. हे मुळातच असं आहे, की माझ्या यंत्रानं ‘ण’ खाल्लाय?”

मी पडद्यावर पाहिलं. खरंच, शेकड्यानं. एका माणसाचं नाही, अनेकांचं. मी क्षणभरही थांबले नाही. इतक्या जणांची चूक एकसारखी कशी असेल? म्हणजे ती यंत्राचीच. ‘हाय’, ‘नाय’, ‘आगरान’ हेही मला दिसत होतं. ती बोली, हे मला कळत होतं. पण बोली झाली म्हणून काय ‘ण’ टाकून देतात, असा माझा न्याय. मासे विकायला येणारी बाई आठ वर्षं माझ्या दारात ‘पानी द्या’ म्हणत होती, मी तिला आठ वर्षं पाणी देत होते, आणि तिचा शब्द लिहिता येतो हे माझ्या डोक्यात एकदाही आलं नव्हतं. “खाल्लाय,” मी म्हणाले. “असं कोण लिहील? सगळे बदलून टाक.”

इनास थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, “तुम्ही म्हणता तर टाकतो.” ती त्याची शांतता मी फोनच्या लाइनवर ढकलली. तेव्हा लाइनी तशा असायच्याच.

त्यानं एका फटक्यात सगळीकडे बदललं. नवा ओटा गुरुवारी सुरू झाला. दुसऱ्या दिवशी सकाळी कुवेतहून कुणीतरी विचारलं की हे ‘पणवेल’ कुठे आलं. ‘पन’चा ‘पण’ करताना पनवेलचं पणवेल झालं होतं, कोनाड्याचा कोणाडा झाला होता आणि पानिपताच्या लढाईवर हिरिरीनं लिहिणारे एक काका ‘पानीपत’ असं दीर्घ लिहीत, ते पाणीपतावर लढत होते. लोक हसले, मीही हसले. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं मीच ओट्यावर लिहून टाकलं. बैल कुठे जाऊन पोचलाय ते मला माहीत नव्हतं.

त्याच दुपारी मंदाचा फोन आला. मी तिला ओळखत नव्हते. ती आचोळ्याला राहायची, अंधेरीला एका ऑफिसात कामाला होती, आणि माझा नंबर तिला इनासनं दिला होता. आवाज हळू होता, आणि त्यामुळेच मी खुर्चीत सरळ बसले.

“मॅडम, नवीन साइटवर माझ्या बाबाचं काय केलंय तुम्ही?”

मी विचारलं, कोण बाबा. मग तिनं सांगितलं. तिचे वडील जन्मभर मिठागरात राबले. नायगावच्या बाजूला, आगराला लागूनच त्यांचं गाव. शाळेची पायरी त्यांनी फक्त मतदानाला चढलेली. दर रविवारी मंदा माहेरी जायची, ते मिठाच्या गोष्टी सांगायचे, ती वहीत उतरवायची आणि सोमवारी ऑफिसात टाइप करून ओट्यावर टाकायची. “बाबा बोलायचा, मी बोलतंय तसाच लिव, तुज्या शालेतला नको. म्हणून तसंच लिहायची मी.” टाइप झालं की वहीचं पान फाडून ती फेकून देई. ओट्यावर आहे की, म्हणून. माघात ते गेले. आवाज कुठे टेप केलेला नाही. राहिलं ते एवढंच, ओट्यावरचं. त्यातलं एकेक पान ती छापून नेई आणि आईला वाचून दाखवी, वाचून झालेला कागद चुलीत जाई. आईला वाचता येत नाही.

“आज सुट्टी होती, सकाळी गेले होते. नव्या साइटवरनं छापून नेलं,” मंदा म्हणाली. “चार ओळी वाचल्या तर आईनं थांबवलं. बोलली, यो कोन मास्तर बोलतं? आपला नाय.”

मी तिला काय म्हणाले ते आठवत नाही. बहुधा ‘तांत्रिक चूक’ असं काहीतरी म्हणाले असेन. लाज वाटली की माझी भाषा जास्तच शुद्ध होते.

फोन ठेवून मी नव्या ओट्यावर त्यांच्या गोष्टी उघडल्या. चाळीसेक होत्या. त्यातली एक अशी, की मंदाच्या गावात लहान पोरांनाही पाठ होती. आगरावर एकदा पँट-बुटातला साहेब तपासणीला येतो आणि विचारतो, तुमच्याकडे पाणी कुठून येतं? मंदाचे बाबा सांगतात, साहेब, पाणी तुमच्या नळाला येतं, आगरान येतं ता पानी. पाणी पितान, पानी पिकवतान. साहेब मान डोलवतो आणि वहीत लिहून घेतो. त्यावर बाबांचं शेवटचं वाक्य: लिवला त्यानी पाणी. मंग मीठ कशाला पिकंल?

हे मला आज नीट लिहिता येतंय. त्या दुपारी पडद्यावर होतं ते असं: पाणी तुमच्या नळाला येतं, आगरान येतं ता पाणी. पाणी पितान, पाणी पिकवतान. एक मेलेला माणूस वेड्यासारखा एकच शब्द पुन्हा पुन्हा म्हणत होता. आणि तो वहीवाला साहेब कोण, हे मला कुणी सांगायची गरज नव्हती.

इनासकडे मूळ प्रत असायला हवी होती. त्यानं ती सीडीवर घ्यायला लावली होती, ऐन वेळी वीज गेली आणि सीडी अर्धवटच लिहिली गेली. जुना सर्व्हर आहेच की, असं म्हणून त्यानं ती पुन्हा केली नव्हती. जुना सर्व्हर बंद होणार होता शनिवारी बारा वाजता, म्हणजे उद्या. सगळा ओटा पुन्हा उतरवायला दीड दिवस लागला असता. “फक्त त्यांची पानं,” इनास म्हणाला. “एकेक उघडायचं आणि साठवायचं. बाकीचे लोक हयात आहेत, आपलं आपण दुरुस्त करतील. त्यांना करता येणार नाही.” ओट्यावर एका विषयाचा धागा पानापानानं जुन्यापासून नव्याकडे जायचा, साहेबाची गोष्ट अगदी शेवटी होती. पण तेव्हा तेवढंही सुचलं नाही, की शेवटाकडून सुरुवात करावी. आम्ही दोघंही पहिलं पान पहिलं, या शिस्तीत वाढलेली माणसं.

त्या संध्याकाळी माझी लाइनच बंद पडली, इनासची कशीबशी दोन पानं देऊन थकली. शनिवारी साडेनऊला माझी वीज जाणार. म्हणून मी तुळिंजला गेले. तिथे बाजारात एक सायबर कॅफे होता, जनरेटरवाला. मंदा आधीच येऊन थांबली होती. पस्तिशीची, बारीक, केस घट्ट बांधलेले. तिनं मला नमस्कार केला नाही आणि मला ते बरं वाटलं. बाहेर कलिंगडवाल्यांचा ओरडा, आत चार संगणक आणि जनरेटरची घरघर, तिनं टेबलावरच्या स्टीलच्या पेल्याची कडसुद्धा थरथरत होती. एका संगणकावर मंदा, शेजारच्यावर मी.

पान उघडायला तीन-चार मिनिटं लागत. वरून पडदा हळूहळू खाली उतरत यायचा, आधी नुसती रांगोळी, कारण तिथे तो फॉन्ट नव्हता. आम्हाला एक अक्षर वाचता येत नव्हतं. साठवायचं, पुढचं उघडायचं. मधेच पान अर्ध्यावर अडकायचं, पुन्हा पहिल्यापासून. पान पूर्ण आलं की मंदा बोटानं टेबलावर एक टिचकी मारायची, एवढंच. साडेअकराला सतरा पानं झाली होती, पाच राहिली होती. पावणेबाराला जनरेटर खोकला. कॅफेवाला म्हणाला, “काकू, डिझेल बघतो, बंद नका करू काही.” बंद कोण करतंय. मी बोटाला साडीचा काठ इतका गुंडाळला होता की बोट पांढरं पडलं.

बारा वाजून गेले तरी पान उघडत होतं. मला वाटलं, देव आहे. मग विसावं पान अर्ध्यावर थांबलं आणि पुढे पडद्यावर इंग्रजीत एक ओळ आली, की ही जागा आता अस्तित्वात नाही. मंदानं पुन्हा दाबलं. पुन्हा तीच ओळ. तिनं सहा-सात वेळा दाबलं. मी तिचा हात धरला नाही, तो माझा हक्क नव्हता.

मिळाली एकोणीस पानं. शेवटची तीन गेली आणि त्यातच साहेबाची गोष्ट गेली. ती आता लिहिलेली अशी एकाच रूपात होती, मी सुधारलेल्या.

दुपारी त्याच्याकडची वीज गेली तसा इनास स्कूटर घेऊन आला. त्यानं सगळं ऐकलं आणि कॅफेच्या पायरीवर बसला. “मला माहीत होतं ताई,” तो म्हणाला. “लोक असं बोलतात, मला माहीत होतं. आमची पण घरची भाषा वेगळीच आहे. पण शाळेत बाईंनी एकदा मला घरचा शब्द फळ्यावर लिहायला लावला आणि सगळा वर्ग हसला. तेव्हापासून कुणी विचारलं की मला वाटतं, आपलंच चुकलं असणार. तुम्ही इतक्या खात्रीनं बोललात.” मला वाटलं त्यानं मला दोन शब्द सुनवावेत. पण हा माणूस माझी चूक स्वतःच्या अंगावर ओढून बसला होता, आणि ते ऐकणं जास्त कठीण होतं.

मी म्हटलं, उलटं कर ना, त्या तीन पानांतल्या सगळ्या ‘ण’चा ‘न’. त्यावर मंदा सकाळपासून पहिल्यांदा मोठ्यानं बोलली. “नको. साहेबाचं पाणी बाबा ‘ण’ लावूनच बोलायचा. नाक वर करून. ते पण जाईल मग.” खरंच होतं. यंत्राला ‘ण’ आणि ‘न’ कळतो, कोण बोलतंय ते कळत नाही. यंत्रालाच कशाला नावं ठेवायची.

आता ओटाही राहिला नाही. ते नवं सॉफ्टवेअर जुनं झालं, माणसं फोनवरच्या गटांत गेली आणि तिथे सकाळचं बोललेलं संध्याकाळी सापडत नाही. मी अजून मुद्रितं तपासते, डोळ्यांना दिसतं तोवर. फोनवर मी ‘पानी’ लिहिलं की त्याच्याखाली लाल रेघ येते. बारीक, नागमोडी, अगदी माझ्या पेनची. मी ती तशीच राहू देते. मिठागरांच्या जागी गच्चीवरून आता इमारतींच्या पाठी दिसतात, आणि इन्व्हर्टर वाजला की मी घड्याळ बघते.

त्या शनिवारनंतरच्या रविवारी मी मंदाबरोबर तिच्या माहेरी गेले. नको म्हणाली असती तर गेले नसते. तिनं नुसतं, “दहाची बस आहे,” एवढं सांगितलं. घरासमोर मिठाच्या राशी नारळाच्या झापांनी झाकून ठेवलेल्या. आई ओसरीवर भिंतीला टेकून बसली होती, हाताचे तळवे पांढरट, वर्षानुवर्षं मिठात राहिलेले. मी एक वही नेली होती. ती तीन पानं वहीत उतरवून प्रत्येक ‘ण’ची जागा कोरी सोडली होती. लाल पेन मुद्दाम घरी ठेवलं होतं, पेन्सिल नेली होती.

मंदा एकेक वाक्य म्हणायची, तिची आई मान हलवायची किंवा तिला अडवून स्वतः म्हणायची, आणि मी जागा भरायची. सोपं वाटतं. माझा हात मात्र दर वेळी ‘ण’कडे वळायचा आणि मला तो ओढून आणावा लागायचा. तीन पानांना दोन तास लागले. एक-दोन जागी मायलेकींचं जमेना, तिथे मी कोरंच ठेवलं, ते अजून कोरं आहे. साहेबाची गोष्ट शेवटी आली. साहेबाचा ‘ण’ आला तेव्हा मंदानं नाक वर केलं.

मग तिनं ती पहिल्यापासून सलग वाचली. आई डोळे मिटून ऐकत होती. मी तिच्या चेहऱ्याकडे पाहत होते, कॅफेतल्या पडद्याकडे पाहत होते तशी. पाणी पितान, पानी पिकवतान. चेहरा हलला नाही. लिवला त्यानी पाणी. नाही. मंग मीठ कशाला पिकंल, असं मंदा म्हणाली, आणि म्हातारीचे खांदे हलले. आधी मला वाटलं रडतेय. ती हसत होती, आवाज न करता, पदर तोंडाला लावून, कितव्यांदा तरी ऐकलेल्या गोष्टीला हसतात तशी.

“हां,” ती म्हणाली. “आता आला तुझा बाबा.”

मंदा उठून आत गेली आणि बराच वेळ बाहेर आली नाही. आईनं डोळे पुसले, माझ्या मांडीवरच्या वहीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. मी तो मास्तर, हे तिला कुणी सांगितलं होतं की नाही, कोण जाणे. मी काही बोलायच्या आत तिनं बाजूचा तांब्या माझ्याकडे सरकवला. “उनाची आलीस,” ती म्हणाली. “पानी पी.”

मी तांब्या दोन्ही हातांनी धरला. पानी मचूळ होतं. मी सगळं प्यायले.